गाडीचा हीटर कोअर गळत असेल तर कमी खर्चात काय करावे? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही प्रश्नोत्तरे पुण्यात जुनी गाडी वापरणाऱ्या आणि गॅरेजचे मोठे अंदाजपत्रक पाहून थबकलेल्या मालकांसाठी आहेत. पुण्याच्या हवेत हीटर वर्षातले जेमतेम काही आठवडे लागतो. त्यामुळे थंड प्रदेशातल्या गाडीमालकाला जो खर्च टाळता येत नाही, तो येथे अनेकदा टाळता येतो किंवा निदान पुढे ढकलता येतो. मात्र गळतीकडे दुर्लक्ष करणे आणि खर्च टाळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

हीटर कोअर म्हणजे काय, आणि तो गळला की कूलंट गाडीच्या आत कसे येते?

हीटर कोअर, ज्याला काही मिस्त्री ‘हीटर कॉइल’ असेही म्हणतात, हा डॅशबोर्डच्या आत ब्लोअरच्या वाटेवर बसवलेला एक छोटा रेडिएटर असतो. इंजिनात तापलेले कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारे द्रव, फायरवॉलमधून, म्हणजे इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्यातून, एका नळीने त्यात शिरते आणि दुसऱ्या नळीने परत इंजिनाकडे जाते. ब्लोअरची हवा या गरम पत्र्यांमधून गेली की केबिनमध्ये ऊब येते. मुख्य रेडिएटर गळला तर कूलंट रस्त्यावर सांडते. हीटर कोअर मात्र केबिनच्या आत असल्यामुळे त्यातून गळलेले कूलंट हवेच्या डब्यातून खाली उतरते आणि बहुतेक गाड्यांत चालकाशेजारच्या प्रवाशाच्या पायाखाली, म्हणजे आपल्याकडे पुढच्या डाव्या बाजूला, गालिचात मुरते.

पायाखाली ओल आहे. ते कूलंटच आहे हे कशावरून ठरवावे?

हा या पानावरचा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे, कारण पुण्यात जून ते सप्टेंबर या काळात पायाखाली आलेली ओल हीटर कोअरची नसण्याचीही मोठी शक्यता असते. डॅशबोर्ड उघडण्याला होकार देण्यापूर्वी खालच्या तीन शक्यता तपासून घ्याव्यात.

पहिली शक्यता एसीच्या पाण्याची असते. एसी चालू असताना कूलिंग कॉइलवर हवेतला ओलावा साचतो आणि एका बारीक रबरी नळीने गाडीखाली ठिबकतो. ही नळी धुळीने किंवा पालापाचोळ्याने तुंबली की तेच पाणी आत, नेमके त्याच जागी, उतरते. एसी बराच वेळ चालवूनही गाडीखाली पाणी ठिबकत नसेल तर संशय या नळीवर घ्यावा. ती खालून मऊ तारेने किंवा हवेच्या हलक्या दाबाने मोकळी होते आणि हे काम कुठलाही बरा मिस्त्री काही मिनिटांत करतो.

दुसरी शक्यता पावसाच्या पाण्याची असते. वायपरखालच्या जाळीत झाडांची पाने साचली की पाण्याच्या निचऱ्याची वाट बंद होते आणि ते ब्लोअरच्या तोंडातून आत येते. गुलमोहराखाली किंवा पर्जन्यवृक्षाखाली गाडी लावणाऱ्यांनी बोनेट उघडून ही जाळी आधी पाहावी, कारण त्यांची बारीक पर्णिका जाळीतून सहज आत उतरते.

तिसरी शक्यता खुद्द कूलंटची. पांढरा टिश्यू पेपर किंवा सुती फडके गालिचावर दाबून पाहावे. एसीचे पाणी स्वच्छ, बिनरंगाचे आणि बिनवासाचे असते. कूलंटला हिरवा, गुलाबी, लाल किंवा निळा असा रंग असतो, बोटांना ते ओशट लागते आणि त्याला गोडसर वास येतो. चव घेऊन पाहण्याचा मोह कटाक्षाने टाळावा, कारण ते विषारी आहे. याच्या जोडीला आणखी काही खुणा दिसतात: ब्लोअर लावताच समोरची काच आतून धुरकट होते आणि पुसल्यावरही तिच्यावर तेलकट पापुद्रा राहतो, रिझर्व्ह टाकीतली पातळी बाहेर कोठेही गळती न दिसता उतरत जाते, आणि गळती वाढल्यावर हीटरमधून कोमट किंवा गारच हवा येऊ लागते.

तरीही शंका उरली तर गॅरेजमध्ये कूलिंग सिस्टीमची प्रेशर टेस्ट करून घ्यावी. इंजिन गार असताना रेडिएटरच्या तोंडाला हातपंप जोडून कॅपवर लिहिलेल्या दाबाइतकी हवा भरतात आणि काटा उतरतो का ते पाहतात. काटा उतरला, बाहेर कोठे थेंब दिसला नाही आणि फायरवॉलजवळ हीटरच्या दोन्ही नळ्या चिमटा लावून दाबल्यावर काटा स्थिरावला, तर गळती हीटरच्या बाजूलाच आहे. या चाचणीवरचे पैसे वाचवू नयेत. काही गाड्यांत कोअर शाबूत असतो आणि त्याच्या तोंडाशी नळी जोडली जाते तेथली ओ-रिंग, म्हणजे गळती रोखणारी रबरी कडी, किंवा क्लिप गेलेली असते. अशा वेळी दुरुस्ती फारच स्वस्तात होते.

हीटर वापरलाच नाही, तर गळती थांबेल का?

नाही. बहुतेक आधुनिक गाड्यांत कूलंट हीटर कोअरमधून सदैव वाहत असते आणि तापमानाचे बटण फिरवल्यावर फक्त हवेची वाट बदलणारी झडप हलते. काही जुन्या गाड्यांत कूलंटच्या वाटेवर व्हॉल्व्ह असतो. तो बंद केल्याने एका बाजूचा प्रवाह थांबतो, पण परतीच्या नळीतून दाब पोहोचतच राहतो.

अशा अवस्थेत गाडी किती दिवस चालवता येईल?

गळती थेंबाथेंबाची असेल, तर रोज सकाळी इंजिन गार असताना पातळी पाहून आणि लागेल तेवढी भर घालून गॅरेजची वेळ मिळेपर्यंतचे काही दिवस शहरात गाडी चालवता येते. घाटात किंवा लांबच्या प्रवासाला ती नेऊ नये.

येथे एक धोका नीट समजून घ्यावा. कूलंट फार कमी झाले की तापमानाचा सेन्सर द्रवाऐवजी हवेच्या पोकळीत राहतो, आणि मग इंजिन प्रत्यक्षात भाजत असतानाही काटा खालीच दिसू शकतो. ‘काटा तर मध्यावरच होता’ हे वाक्य हेड, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, वाकल्यानंतर अनेक गॅरेजांत ऐकू येते. हेड आणि त्याखालचे सील, म्हणजे हेड गॅस्केट, यांचे काम निघाले की हीटर कोअरचा खर्च त्यापुढे किरकोळ वाटतो.

गरम इंजिनाचे रेडिएटर कॅप किंवा दाबाच्या टाकीचे झाकण कधीही उघडू नये. आतले द्रव १०० अंश सेल्सिअसच्या वर असूनही केवळ दाबामुळे उकळलेले नसते, आणि झाकण सैल होताच ते उसळून अंगावर येते.

गळती बंद करणारे रसायन किंवा हळद टाकली तर चालते का?

रेडिएटरमध्ये हळद टाकण्याचा उपाय आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे आणि बाजारात बाटलीत मिळणारी रसायनेही साधारण त्याच तत्त्वावर काम करतात: बारीक कण छिद्रापाशी जाऊन अडकतात आणि छिद्र बुजते. अडचण अशी की त्या कणांना छिद्र कोणते आणि वाहण्याची वाट कोणती हे कळत नाही. हीटर कोअरच्या नळ्या फार अरुंद असतात, त्यामुळे तेथे गाळ लवकर साचतो आणि त्यानंतर मुख्य रेडिएटरचीही पाळी येऊ शकते.

वरंधा घाटात रात्री नऊ वाजता गाडी अडकली आणि दुसरा कोणताच मार्ग नसेल, तर हळदीची पुडी घरापर्यंत आणू शकेल, हे मी नाकारत नाही. घरी आल्यावर मात्र पूर्ण सिस्टीम फ्लश करून, म्हणजे आतून धुऊन, घ्यावी लागते. पुण्यात, जेथे हाकेच्या अंतरावर मिस्त्री मिळतो, तेथे या उपायाला काही कारण उरत नाही, विशेषतः पुढच्या प्रश्नातला बायपास जवळपास तेवढ्याच पैशांत होत असताना.

हीटर बायपास करणे म्हणजे काय, आणि ते कसे करतात?

बायपास म्हणजे हीटर कोअरला कूलंटच्या वाटेतून वगळणे. फायरवॉलमधून आत जाणाऱ्या दोन्ही नळ्या कोअरपासून सोडवायच्या आणि इंजिनाच्या बाजूची त्यांची टोके एकमेकांना जोडायची, म्हणजे कूलंट आत न जाता तिथल्या तिथे वळसा घेऊन परत फिरते. साहित्य म्हणून कूलंटसाठीच बनवलेला थोडा होज पाइप किंवा दोन टोके जोडणारा धातूचा जोड आणि चांगल्या स्क्रूच्या क्लिपा एवढेच लागते. मजुरीही डॅशबोर्ड उघडण्याच्या मानाने अगदी थोडी असते.

काम सुरू करण्यापूर्वी इंजिन पूर्ण गार होऊ द्यावे, म्हणजे गाडी रात्रभर उभी ठेवणे उत्तम. खाली पसरट भांडे ठेवून कूलंट गोळा करावे. वर्षानुवर्षे चिकटून बसलेली नळी ओढून काढण्याचा प्रयत्न केला तर कोअरची तोटी वाकते किंवा तुटते. पुढेमागे कोअर बदलायचाच असेल तर त्याने फारसे बिघडत नाही, पण तोटीशी झगडण्यापेक्षा जुनी नळी उभी चिरून काढणे केव्हाही सोपे. नवा वळसा देताना नळीला घडी पडू नये आणि ती एक्झॉस्टच्या गरम भागाला किंवा फिरत्या पट्ट्याला टेकू नये. सरळ पाइप जबरदस्तीने वाकवण्याऐवजी मुळातच यू आकारात साचेबद्ध केलेला पाइप मिळाला तर तो घ्यावा. बागेच्या नळीचा तुकडा लावण्याचा सल्ला कोणी दिला तर तो ऐकू नये. ती नळी इंजिनाच्या उष्णतेत मऊ पडून सुटते.

नळ्या एकमेकांना न जोडता दोन्हीकडे बुचे मारून टाकणे हा त्याहून सोपा वाटणारा मार्ग आहे, पण तो टाळावा. काही इंजिनांत थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत रेडिएटरची वाट अडवणारी झडप, बंद असताना कूलंट फिरते राहावे म्हणून हीटरची वाटच वापरलेली असते, आणि ती बंद केली की इंजिनाचे तापमान नीट सांभाळले जात नाही. ज्या गाडीत या वाटेवर टर्बो किंवा गिअर ऑइलचा कूलरही जोडलेला आहे, तिथे आधी त्या मॉडेलची रचना जाणणाऱ्याला विचारावे.

कोअरच्या उघड्या राहिलेल्या दोन तोट्यांतून आतले उरलेले कूलंट हलक्या हवेने बाहेर काढावे आणि मग त्यांना रबरी टोपणे लावावीत. हे राहून गेले तर बायपास होऊनही आठवडाभर गालिचा ओला होत राहतो आणि मालकाला वाटते की मिस्त्रीने फसवले. माझ्या जुन्या हॅचबॅकच्या वेळी मी हाच गैरसमज करून घेतला होता आणि एका निरपराध माणसाशी वाद घातला होता.

शेवटी कूलंटच्या वाटेत अडकलेली हवा काढण्याचे काम येते, आणि घाईत तेच सर्वांत जास्त वेळा चुकते. कूलंट भरून, टाकीचे झाकण उघडे ठेवून, इंजिन गार असतानाच सुरू करावे आणि थर्मोस्टॅट उघडेपर्यंत, म्हणजे बहुतेक गाड्यांत साधारण ८० ते ९० अंशांपर्यंत, चालू ठेवावे. मधूनमधून बुडबुडे येतील आणि पातळी खाली जाईल, तशी भर घालावी. हवा काढण्याचा वेगळा स्क्रू असेल तर तो वापरावा. गाडीचे तोंड चढावर ठेवले तर हवा लवकर वर येते, आणि पुण्यात चढाची कमतरता नाही. पंखा एकदा तरी लागून बंद झाला की काम झाले असे समजावे, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गार इंजिनावर पातळी पुन्हा पाहावी.

बायपास केल्यावर नेमके काय गमवावे लागते? पावसाळ्यात काचेचे काय?

ऊब मिळणार नाही, हे उघडच आहे. डिसेंबर-जानेवारीत पुण्याचे पहाटेचे तापमान १० अंशांच्या आसपास उतरते, तेव्हा स्वेटर घालावा लागेल. पावसाळ्यात आतून धुरकटलेल्या काचेवर एसी हाच मुख्य उपाय असतो, कारण तो हवेतला ओलावा काढून टाकतो. एसी चालू आणि हवेचा झोत काचेवर असला की काच काही क्षणांत स्वच्छ होते, आणि बायपासचा त्यावर काही परिणाम होत नाही.

अडचण होते ती वेगळ्या प्रसंगी. एसीची गार हवा बराच वेळ काचेवर पडली की काच थंड होऊन बाहेरच्या दमट हवेची वाफ तिच्यावर बाहेरून धरते. एरवी अशा वेळी थोडी गरम हवा मिसळता येते. बायपास केलेल्या गाडीत ते शक्य नाही, त्यामुळे झोत काचेवरून हटवून वायपर फिरवावा लागतो. ऑटोमॅटिक क्लायमेट कंट्रोल असलेल्या गाडीत २४ अंश लावूनही हवा अधिक गार येईल, कारण मिसळायला गरम हवाच उरलेली नसते.

आणखी एक गोष्ट जाते. खंबाटकीच्या चढावर ट्रकमागे रखडताना काटा वर चढू लागला, तर एसी बंद करून हीटर पूर्ण लावण्याची युक्ती जुने चालक वापरतात, कारण हीटर कोअर तेवढी जास्तीची उष्णता केबिनमध्ये सोडतो. बायपासनंतर हा आधार राहत नाही, म्हणून अशा गाडीचा रेडिएटर आणि पंखा निरोगी असले पाहिजेत.

मग कोअर बदलून घेणे केव्हा योग्य ठरते?

गाडी अजून बरीच वर्षे ठेवायची असेल, हिवाळ्यात उत्तरेकडे किंवा थंड डोंगराळ भागात जाणे होत असेल, किंवा घरात लहान मूल अथवा वृद्ध माणूस असेल तर बदलणेच बरे. मजुरी किती होईल हे सर्वस्वी गाडीच्या रचनेवर अवलंबून असते. काही मॉडेलमध्ये पायाजवळचे एक-दोन पॅनेल काढले की कोअर बाजूने सरकवून बाहेर येतो. इतर अनेकांत संपूर्ण डॅशबोर्ड उतरवावा लागतो आणि त्यात अख्खा दिवस जातो. सुट्या भागाची किंमत मजुरीपुढे लहान वाटते, म्हणूनच त्या भागावर काटकसर करू नये.

गॅरेजला काही गोष्टी आधी विचारून अंदाजपत्रक लेखी घ्यावे. डॅशबोर्ड पूर्ण उतरवावा लागेल का? हवेचा डबा काढताना एसीची पाइपलाइन सोडवावी लागेल का, आणि तसे असेल तर गॅस यंत्राने काढून पुन्हा भरण्याचा खर्च धरला आहे का? एअरबॅगचे जोड सोडवण्यापूर्वी बॅटरीची निगेटिव्ह तार काढून काही वेळ थांबणार का? जुना भाग परत दाखवणार का? शेवटच्या प्रश्नाने संबंध बिघडत नाहीत. चांगला मिस्त्री तो स्वतःहून दाखवतो. डॅशबोर्ड उघडलेलाच आहे तर कूलिंग कॉइलची सफाई, जोडांच्या ओ-रिंग आणि हीटरच्या दोन्ही नळ्या त्याच वेळी करून घ्याव्यात.

स्वतः डॅशबोर्ड उतरवण्याविषयी माझे मत प्रतिकूल आहे. उतरवणे जमते, पण परत बसवल्यावर चार स्क्रू उरतात आणि पुढची पाच वर्षे प्रत्येक स्पीडब्रेकरवर त्यांची आठवण येते.

सुटा भाग कोठे घ्यावा? जुना चालेल का?

नाना पेठेतल्या वाहनांच्या सुट्या भागांच्या दुकानांत चौकशी करावी. जाताना गाडीचा चेसिस नंबर आणि शक्य असल्यास जुना कोअर सोबत न्यावा, कारण एकाच मॉडेलच्या पेट्रोल आणि डिझेल गाड्यांत किंवा दोन वेगळ्या वर्षांच्या गाड्यांत तोट्यांची जागा निराळी असू शकते. कंपनीचा मूळ भाग परवडत नसेल तर नावाजलेल्या उत्पादकाचा पर्यायी भाग पक्क्या बिलासह घ्यावा. भंगारातून किंवा जुन्या बाजारातून आरसे, दिवे, चाकाच्या टोप्या जरूर घ्याव्यात. हीटर कोअर घेऊ नये. आतून किती गंजला आहे हे बाहेरून दिसत नाही, आणि तो गळला तर मजुरी दुसऱ्यांदा भरावी लागते.

रेडिएटरवाल्याकडून गळक्या कोअरला डाग (सोल्डर) देऊन घेता येईल का?

जुन्या गाड्यांतला तांब्या-पितळेचा कोअर असेल तर होय. हल्लीचे कोअर ॲल्युमिनियमचे असतात आणि त्यांच्या पातळ नळ्यांना डाग टिकत नाही. इपॉक्सीने बुजवलेले छिद्र उष्णता आणि दाबापुढे फार काळ तग धरत नाही.

ओल्या गालिचाचे काय करावे?

तो आपोआप सुकेल या आशेवर राहू नये. कूलंटमधले ग्लायकॉल सहजी उडून जात नाही आणि हवेतला ओलावा ओढून घेते, त्यामुळे गालिचाखालचा फोम महिनोन्‌महिने दमट राहतो, वास येत राहतो आणि त्याखालच्या वायरिंगचे जोड व पत्रा गंजतो. पुढची सीट सोडवून गालिचा उचलावा, फोम साबणाच्या पाण्याने अनेकदा पिळून धुवावा आणि कडक उन्हात वाळवावा. पावसाळ्यात हे काम निघाले तर गालिचा तात्पुरता काढून ठेवून उघडीप मिळेपर्यंत थांबलेले बरे. काचेवरचा तेलकट थरही साबणाच्या पाण्याने काढावा, कारण रात्री समोरून येणाऱ्या दिव्यांत तो डोळे दिपवतो.

विम्यातून खर्च मिळेल का?

साध्या मोटार विम्यात झीज आणि यांत्रिक बिघाड वगळलेले असतात, त्यामुळे मिळत नाही. वाढीव वॉरंटी चालू असेल तर तिची कागदपत्रे पाहावीत. तसे असल्यास बायपास करण्यापूर्वीच पाहावीत.

कोअर मुळात गळलाच का? नवा बसवल्यावर तो टिकावा म्हणून काय करावे?

बहुतेक वेळा दोष जुन्या कूलंटचा असतो. त्यातली गंजरोधक द्रव्ये कालांतराने संपतात आणि मग ॲल्युमिनियम आतून खाल्ले जाते. पुण्यात बर्फ पडत नाही म्हणून नुसते पाणी चालेल, असा युक्तिवाद वारंवार ऐकू येतो. गोठण्यापासून संरक्षण आपल्याला नको आहे, हे खरे; गंजरोधक मात्र हवे आहे, आणि उत्कलनबिंदू थोडा वाढतो तोही उपयोगी पडतो. सोसायटीच्या बोअरचे किंवा टँकरचे जड पाणी भरले तर क्षारांचे थर आधी हीटर कोअरमध्येच बसतात. तयार मिश्रण घ्यावे किंवा दाट कूलंटमध्ये डिस्टिल्ड पाणी निम्मेनिम मिसळावे. रंग जुळला म्हणजे प्रकार जुळला असे नसते, म्हणून बदलताना गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेला प्रकारच घ्यावा आणि मुदतही तिच्याप्रमाणेच पाळावी.

नवा कोअर वर्षभरातच गळला तर कारण दुसरे असते. हेड गॅस्केट गळून कूलिंग सिस्टीममध्ये जास्तीचा दाब येतो का आणि इंजिनाची अर्थिंगची तार गंजली आहे का, हे तपासावे. अर्थिंग खराब असेल तर भटका विद्युतप्रवाह कूलंटमधून वाहू लागतो आणि धातू झिजवतो.

कूलंटचा वास श्वासातून जाणे घातक आहे का? काढलेल्या कूलंटचे काय करावे?

केबिनमधल्या वाफेने डोळे चुरचुरणे, घसा खवखवणे आणि डोके दुखणे असे त्रास होऊ शकतात, म्हणून दुरुस्ती होईपर्यंत ब्लोअर बंद आणि खिडक्या उघड्या ठेवाव्यात. खरा धोका ते पोटात जाण्याचा आहे. कूलंटमधले एथिलीन ग्लायकॉल गोड लागते आणि थोड्या प्रमाणातही मूत्रपिंडे निकामी करू शकते. मुलाच्या पोटात ते गेल्याची शंका जरी आली, तरी लक्षणांची वाट न पाहता थेट रुग्णालय गाठावे. सोसायटीच्या पार्किंगमध्ये सांडलेले कूलंट मांजरे आणि कुत्री चाटतात, म्हणून त्यावर लगेच माती टाकून ती भरून घ्यावी आणि जागा भरपूर पाण्याने धुवावी. काढलेले कूलंट गटारात न ओतता झाकणाच्या कॅनमध्ये भरावे, त्यावर ठळक अक्षरांत ‘विष’ असे लिहावे आणि जे गॅरेज वापरलेले ऑइल व कूलंट जमा करते तेथे द्यावे. रिकाम्या पाण्याच्या बाटलीत ते कधीही भरून ठेवू नये.